रात्री अडीचचा गजर : एका डोकेदुखीचं प्रकरण

मी पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. हे प्रकरण लिहिताना पेशंटचं वय, घर आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. औषधं, त्यांचे डोस आणि माझ्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

काकू ६४ वर्षांच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. सहकारनगरात तिसऱ्या मजल्यावर काका-काकू दोघंच राहतात, मुलगी अमेरिकेत. पहाटे तळजाईवर फेरी, दुपारी जेवणानंतर तासभर आडवं होणं, रात्री साडेदहाला दिवे बंद, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. रक्तदाब बारा वर्षांपासून. त्यासाठी टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल एकत्र असलेली एक गोळी रात्री जेवणानंतर. मधुमेह नाही, हृदयविकार नाही. तरुणपणी अर्धशिशी कधी नव्हती, आईला किंवा बहिणींनाही नव्हती.

दिवाळीनंतर त्रास सुरू झाला आणि फेब्रुवारीत त्या माझ्याकडे आल्या.

तक्रार

"डॉक्टर, रात्री कुणीतरी खांदा धरून हलवल्यासारखी जाग येते. आणि जाग येते तेव्हा डोकं ठणकत असतं."

"किती वाजता?"

उत्तर काकांनी दिलं. "अडीच. घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमकं."

दुखणं कपाळावर आणि दोन्ही कानशिलांवर, जड, दाबल्यासारखं. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही, डोळ्यातून पाणी नाही, नाक चोंदत नाही. काकू उठून स्वयंपाकघरात जायच्या, आलं घालून कडक चहा करायच्या, खिडकीशी बसून तो प्यायच्या आणि तासाभरात डोकं उतरलं की परत झोपायच्या. महिन्यातून वीसेक रात्री हेच.

निदानाला लागणारं जवळजवळ सगळं या चार ओळींत आलं होतं. मला ते दिसलं नाही.

पहिली दिशा, चुकलेली

माझा हिशेब असा होता : बाई साठीच्या पुढच्या, मुलगी लांब, घर शांत. झोप उथळ झाली आहे आणि झोपमोड झाल्यामुळे डोकं धरतं आहे. म्हणजे झोप सुधारली की डोकं थांबेल. अमिट्रिप्टिलिन हे गुंगी आणणारं, डोकेदुखीतही देतात ते औषध १० मिलिग्रॅम रात्री सुरू केलं आणि त्याबरोबर झोपेच्या शिस्तीचा नेहमीचा उपदेश केला. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद. मध्यरात्रीचा चहा तर अजिबात नाही. "काकू, तुमची झोप हा चहाच उडवतोय," हे माझं वाक्य मला अजून आठवतं.

महिन्याभराने त्या आल्या तेव्हा तोंडाला कोरड पडलेली, सकाळी डोळे उघडत नाहीत अशी तक्रार, आणि डोकेदुखी तासाभराची होती ती दोन-अडीच तासांची झालेली. चहा त्यांनी प्रामाणिकपणे सोडला होता. शिक्षिका होत्या, सांगितलेलं पाळायची सवय. त्याऐवजी मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी घेत होत्या. "ती बरी लागू पडते," म्हणाल्या. मी रक्तदाब पाहिला, अमिट्रिप्टिलिन बंद केलं, पण त्या गोळीची पट्टी मागून तिच्यात काय आहे ते वाचलं नाही. वाचलं असतं तर दिसलं असतं की वेदनाशामकासोबत तिच्यात कॅफिनही आहे. मी दाराने घालवलेला चहा खिडकीतून परत आला होता.

मधल्या काळात घरचे उपायही चालूच होते. नणंदेच्या मते पित्त, म्हणून सूतशेखर आणि मोरावळा. शेजाऱ्यांच्या मते मान, म्हणून गळ्याला पट्टा. चष्म्याचा नंबरही बदलून झाला. यातल्या कशानेच अडीचची वेळ हलली नाही.

मेलाटोनिन येतं ते असं

मे महिन्यात मुलगी सुट्टीला आली आणि बॅगेतून मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्यांची बाटली निघाली. प्रत्येक गोळी १० मिलिग्रॅमची. तिथे ते आहारपूरक म्हणून दुकानात सहज मिळतं. ब्रिटनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्याकडेही आता मेडिकलच्या काउंटरवर आणि ऑनलाइन ते सर्रास दिसतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या पदार्थाबद्दल पेशंटांच्या मनात "नैसर्गिक झोपेची गोळी" एवढंच असतं. मेंदूच्या मध्यावर असलेली पीनियल ग्रंथी अंधार पडू लागला की मेलाटोनिन स्रवते. त्याचं काम शरीराला रात्र झाल्याची वर्दी देण्याचं. गुंगी आणणं हा त्याचा मुख्य धंदा नव्हे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५८ साली एरन लर्नर यांनी ते गुरांच्या पीनियल ग्रंथींतून वेगळं काढलं. गंमत म्हणजे ते त्वचारोगतज्ज्ञ होते आणि कातडीचा रंग फिका करणारं द्रव्य शोधत होते. गोळीतून घेतलेलं मेलाटोनिन रक्तात फार टिकत नाही, तासाभराच्या आतच निम्मं होतं. रात्रीच्या नैसर्गिक पातळीइतकं ते रक्तात यायला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपासचा डोस पुरतो. त्यापुढे १० मिलिग्रॅम म्हणजे वर्दी द्यायला ढोलताशाचं पथक बोलावण्यासारखं. साध्या निद्रानाशात त्याचा फायदाही बेताचाच. २०१३ साली १९ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात झोप लागायला सरासरी सात मिनिटं कमी लागली आणि एकूण झोप आठ मिनिटांनी वाढली.

बाटलीवर लिहिलेल्या आकड्याचाही भरवसा नसतो. कॅनडात २०१७ साली अशी ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा कुठे लेबलपेक्षा ८३ टक्के कमी, तर कुठे ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं.

काकू रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एक गोळी चघळायच्या. स्वप्नं भडक पडू लागली, सकाळी अंग जड. आणि डोकं? "अडीचचे पावणेतीन झाले, एवढंच." मुलीने फोनवर विचारलं, चालू ठेवू का? मी म्हणाले, "चालू द्या, अपाय नाही." आजाराला नाव नाही, डोस वाजवीपेक्षा मोठा, वेळ उशिराची, आणि किती दिवस घ्यायचं तेही ठरलेलं नाही. अशा अवस्थेत दिलेला तो होकार म्हणजे माझी दुसरी चूक. दोन महिन्यांनी बाटली संपली आणि "मेलाटोनिन आईला लागू पडत नाही" असा शिक्का घरात बसला. तो पुढे आडवा येणार होता.

विसर्जनाची रात्र

उलगडा अनंत चतुर्दशीने केला. लक्ष्मी रस्त्याला लागून काकूंच्या भाच्याचं घर आहे. दरवर्षीसारख्या त्या मिरवणूक बघायला तिथे गेल्या आणि रात्रभर गॅलरीत बसून राहिल्या. ढोल, ताशे, स्पीकरच्या भिंती, झगमगाट, जागरण. मला विचारलं असतं तर मी डोकं फुटेल म्हणून जाऊच नका म्हटलं असतं.

दोन दिवसांनी रक्तदाब तपासायला आल्या. "डॉक्टर, नवल सांगू? त्या रात्री डोकं दुखलंच नाही. अडीच वाजून गेले, तीन वाजले, मी वाट बघत होते. काही नाही. सकाळी सातला घरी येऊन झोपले आणि साडेनऊला तेच दुखणं घेऊन उठले."

मी पेन खाली ठेवलं. दुखणं अडीच वाजता येतच नव्हतं. ते झोप लागल्यावर काही तासांनी येत होतं. मग सात महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला : जाग आधी, की दुखणं आधी? "दुखण्यानेच जाग येते," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना." आणि दुपारी? दुपारच्या झोपेतूनही दोन-तीनदा असंच उठल्या होत्या. दिवसा जागेपणी? एकदाही नाही.

घरी गेल्यावर काकूंनी कालनिर्णय काढलं. दुधाचा हिशेब आणि सिलेंडरची तारीख लिहायच्या जागीच त्यांनी मे महिन्यापासून डोकं दुखलेल्या रात्रींवर लाल पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. पानांचे फोटो त्यांनी मला पाठवले.

या डोकेदुखीला हिप्निक हेडेक म्हणतात. न्यूरॉलॉजिस्ट नील रास्किन यांनी १९८८ साली सहा पेशंटांवरून तिचं पहिलं वर्णन केलं. "गजराची डोकेदुखी" हे तिचं टोपणनाव. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीतल्या कसोट्या थोडक्यात अशा : फक्त झोपेत उद्भवते आणि पेशंटला जागं करते, महिन्यातून किमान दहा दिवस आणि तीन महिन्यांहून जास्त काळ येते, जाग आल्यावर पंधरा मिनिटं ते चार तास टिकते, आणि तिच्यासोबत डोळ्यातून पाणी, नाक चोंदणं किंवा जिवाची तगमग नसते. बहुतेकांना ती पन्नाशीनंतर सुरू होते. आजार दुर्मिळ आहे. माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये काकू पहिल्याच.

तपासण्या

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी साधी आहे असं परस्पर मानता येत नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि त्यांच्या सल्ल्याने एकेक शक्यता बाद करत गेलो. मेंदूचा एमआरआय वयाला साजेसा. (अहवालात बारीक रक्तवाहिन्यांमधल्या वयानुसार बदलांची एक ओळ होती. ती वाचून मुलीने अमेरिकेतून चार फोन केले.) कानशिलाच्या रोहिणीची सूज नाही ना, यासाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या, दोन्ही ठीक. डोळ्यांचा दाब ठीक.

झोपेत श्वास अडकण्याची तपासणी घरीच झाली. काका ठामपणे सांगत होते की ही घोरते. तासाला पाचच्या वर श्वासाचे अडथळे आले तर ते स्लीप ॲप्नियाकडे बोट दाखवतात, काकूंचे साडेतीनच्या आसपास आले. घोरण्याचा आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये होता, पण तो काकांचा.

सगळ्यात उपयोगी पडलं ते चोवीस तास रक्तदाब मोजणारं यंत्र. रात्री दोनला दाब १२४/७४ होता आणि अडीचला, दुखण्याने जाग आल्यावर, १४८/८६. म्हणजे दाब वाढून डोकं दुखत नव्हतं, दुखल्यामुळे दाब वाढत होता. हा क्रम कळला नसता तर मी बहुधा रक्तदाबाची आणखी एक गोळी वाढवली असती.

वेदनाशामकांचा हिशेबही फुल्यांवरून लागला. मिश्र घटकांच्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेतल्या, की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. काकू बारा-तेरा दिवस घेत होत्या. त्या गोळ्या आधी थांबवल्या.

पर्याय

या आजाराच्या कुठल्याच औषधासाठी मोठ्या, तुलनात्मक चाचण्या नाहीत. आजारच इतका विरळा आहे की हाताशी आहेत त्या पेशंटांच्या हकिगती आणि छोट्या नोंदी. न्यूरॉलॉजिस्ट, काकू, काका आणि मी, असे चौघं बसून आम्ही चार गोष्टी तोलल्या.

लिथियम हे सर्वांत जुनं औषध, खुद्द रास्किन यांनी वापरलेलं. पण रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्यावर सतत नजर ठेवावी लागते. शिवाय टेल्मिसार्टनसारख्या औषधांसोबत लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. मागे ठेवलं.

इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक काहींना छान लागू पडतं. त्याच्या आणि मेलाटोनिनच्या रेणूत इंडोल नावाचा एकच सांगाडा आहे, हा योगायोग आहे की आणखी काही, यावर तज्ज्ञांमध्ये चर्चा होते. पण रक्तदाब वाढवणारं, पोटाला जाळणारं, आणि टेल्मिसार्टनच्या जोडीने मूत्रपिंडावर ताण आणणारं औषध चौसष्टीच्या बाईला रोज? तेही मागे.

तिसरा पर्याय झोपण्याआधी एक कप कडक कॉफी. हे ऐकून काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. या आजारात कॅफिन हे पहिल्या फळीचं औषध मानतात आणि बहुतेक पेशंटांना ते घेऊनही झोप लागते. काकू माझ्याकडे बघून हसल्या. बोलल्या काही नाहीत, पण फेब्रुवारीतला माझा उपदेश त्या विसरल्या नव्हत्या.

चौथं मेलाटोनिन. यामागे तर्क आहे. ठरावीक वेळ पाळणाऱ्या डोकेदुख्यांमध्ये मेंदूतल्या घड्याळाचा, म्हणजे हायपोथॅलॅमसमधल्या केंद्राचा, सहभाग असावा असं मानतात आणि तिथे मेलाटोनिनचे ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश झेलणारे रिसेप्टर, आहेत. शेजारच्या आजारांतला पुरावा मात्र मिश्र आहे. क्लस्टर डोकेदुखीत (एका डोळ्याभोवती तीव्र झटके येतात ती) १९९६ सालच्या एका छोट्या इटालियन चाचणीत १० मिलिग्रॅम घेणाऱ्या दहापैकी पाच जणांना उतार पडला. अर्धशिशीत ब्राझीलच्या २०१६ सालच्या चाचणीत ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन हे २५ मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिनच्या तोडीचं ठरलं, तर त्याआधी नॉर्वेत २ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी खोट्या गोळीपेक्षा वरचढ ठरली नव्हती. मेलाटोनिनच्याच ग्राहकांवर काम करणारी रॅमेल्टिऑन आणि ॲगोमेलाटिन ही औषधंही आहेत. ॲगोमेलाटिन मुळात नैराश्यासाठीचं, त्यात यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. काकूंना नैराश्य नव्हतं, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

"पण ते तर मी घेतलंय. नाही लागू पडलं," काकू म्हणाल्या. मेच्या बाटलीचा शिक्का आडवा आला तो इथे. तेव्हाचा प्रयोग प्रयोग नव्हताच, हे पटवायला मला अर्धा तास लागला आणि त्यात माझी चूक कबूल करावी लागली.

न्यूरॉलॉजिस्टनी आणखी एक गोष्ट दाखवली. मेटोप्रोलोलसारखे बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि दाब कमी करणारी औषधं, रात्रीचं मेलाटोनिन स्रवणं कमी करतात. काकूंना तो फक्त रक्तदाबासाठी होता, हृदयासाठी नव्हे. आणि बरोबर रात्री दिला जात होता. तोही मीच लिहून दिलेला.

काय केलं

ऑक्टोबरच्या मध्यापासून रात्री सव्वादहाला एक कप कॉफी, चमचाभर पूड घालून. महिनाभर दुसरं काही नाही. नोव्हेंबरच्या मध्याला त्यात ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन मिळवलं, रात्री नऊला, म्हणजे झोपेच्या दीडेक तास आधी. चिठ्ठीवर एकाच कंपनीचं नाव लिहिलं आणि तीच आणा असं बजावलं. कॅफिन आणि मेलाटोनिन यकृतातल्या एकाच विकराने (एन्झाइमने) मोडतात, त्यामुळे कॉफीसोबत मेलाटोनिनची रक्तातली पातळी वाढते. डोस लहान ठेवायला हे आणखी एक कारण.

त्याच आठवड्यात मेटोप्रोलोल टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतलं. ते एकदम बंद करता येत नाही, नाडी आणि दाब उसळतात. तीन आठवड्यांत ते थांबलं, जागी अम्लोडिपिन हे रक्तदाबाचं दुसरं औषध आलं. रात्री उठलंच तर ट्यूबलाइट लावायची नाही, झिरोचा बल्ब पुरे, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. लख्ख उजेडात मेलाटोनिन स्रवणं मंदावतं.

परिणाम

फुल्या मोजल्या त्या अशा. ऑक्टोबरच्या पहिल्या चौदा रात्रींत अकरा. कॉफी सुरू केल्यावर पुढच्या तीस रात्रींत नऊ, आणि आल्या तरी अर्ध्या-पाऊण तासात उतरणाऱ्या. डिसेंबरमध्ये तीन. जानेवारीत दोन.

जानेवारीअखेर कॉफी नकोशी झाली. छातीत जळजळ आणि रात्री लघवीला दोनदा उठणं. रोजची कॉफी थांबवली, दुखून उठलंच तर अर्धा कप घ्यायचा असं ठरलं. फेब्रुवारीत चार फुल्या. मार्चअखेर काकूंनीच मेलाटोनिन बंद करून बघूया म्हटलं आणि एप्रिलमध्ये आठ फुल्या आल्या. पुन्हा सुरू केल्यावर मेमध्ये दोन.

यावरून मेलाटोनिनचा हात आहे असं वाटतं खरं. पण हा आजार आपणहूनही चढतो-उतरतो, त्यामुळे एका पेशंटच्या एका एप्रिलवरून मी शपथ घेणार नाही.

पुन्हा असा पेशंट आला तर

पहिल्याच भेटीत "जाग आधी की दुखणं आधी" हे विचारीन, आणि चहाने उतरतं असं कुणी सांगितलं तर चहा तोडण्याआधी तो का लागू पडतो याचा विचार करीन. घेत असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी टेबलावर ठेवायला लावीन. फुल्यांचं कॅलेंडर पहिल्या दिवसापासून.

सगळ्यात मोठी खंत नोव्हेंबरची आहे. मेलाटोनिन सुरू करणं आणि मेटोप्रोलोल काढणं एकाच आठवड्यात केलं. डिसेंबरच्या तीन फुल्यांचं श्रेय कुणाला द्यायचं, हे त्यामुळे आता कधीच नीट सांगता येणार नाही. आधी मेटोप्रोलोल काढून सहा आठवडे थांबले असते तर कदाचित मेलाटोनिनची गरजच पडली नसती. काकूंना लवकर बरं वाटायला हवं होतं, मला आधीच्या महिन्यांची भरपाई करायची होती, आणि घाई झाली.

काकू अजून रात्री नऊला ३ मिलिग्रॅम घेतात. येत्या गणपतीनंतर पुन्हा एकदा कमी करून बघायचं ठरलं आहे. विसर्जनाच्या रात्री गॅलरीतली जागा त्यांनी भाच्याला आत्ताच सांगून ठेवली आहे.